पान ५ वरचं देगलूर पान ४ वर सरकलं, आणि दिसलंच नाही

२० नोव्हेंबर २०२४ ला देगलूरच्या मतदारांना दोन मतं द्यायची होती. एक विधानसभेसाठी, दुसरं नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी. खासदार वसंतराव चव्हाण यांचं ऑगस्टमध्ये निधन झाल्याने ती जागा रिकामी झाली होती. २३ तारखेला मोजणी झाली आणि लोकसभेचा निकाल लागला अवघ्या १,४५७ मतांनी. काँग्रेसचे रवींद्र चव्हाण ५,८६,७८८ आणि भाजपचे संतुकराव हंबर्डे ५,८५,३३१.

अशा दिवशी आपण सगळेच मोबाईलवर निकालाचा तक्ता उघडून बसतो. राज्यातल्या २८८ जागा एका स्क्रीनवर मावत नाहीत, म्हणून खाली १, २, ३, ४ असे पानांचे आकडे दिलेले असतात. मला लिहायचंय ते या आकड्यांबद्दल. आतली माहिती हलती असेल तर हे आकडे तुम्हाला चुकीचं चित्र दाखवू शकतात. कुठे एरर येत नाही, लाल पट्टी येत नाही, काही नाही.

आधी साधा प्रकार बघू. देगलूर हा विधानसभेचा ९० क्रमांकाचा मतदारसंघ. तक्ता क्रमांकाने लावलेला आहे आणि एका पानावर २० ओळी आहेत असं समजा. मग देगलूर पान ५ वर, दहाव्या ओळीत. मतं कितीही बदलोत, ओळ जागची हलत नाही, कारण ९० हा आकडा बदलत नाही.

आता तुम्ही वर बोट लावून तोच तक्ता ‘आघाडी कमी ते जास्त’ असा लावलात. कुठे चुरस आहे तेच आपल्याला बघायचं असतं! पण आता ओळींचा क्रम प्रत्येक फेरीनंतर बदलणार. तुम्ही पान ४ वाचताय, म्हणजे ६१ ते ८० नंबरच्या ओळी. देगलूर समजा ८१ वर आहे, पुढच्या पानाची पहिलीच ओळ. तेवढ्यात पान १ वरच्या एका जागेची आघाडी एकदम वाढली आणि ती पार मागे गेली. मधल्या सगळ्या ओळी एक पायरी वर सरकल्या. देगलूर ८० वर आलं, म्हणजे पान ४ वर. तुमच्या स्क्रीनवर मात्र जुनंच पान ४ आहे. तुम्ही ५ दाबलं, सर्व्हरने ८१ पासून पुढच्या ओळी दिल्या. देगलूर तुम्हाला कुठेच दिसलं नाही.

उलटंही होतं. मागची एखादी ओळ पुढे घुसली की ८० वी ८१ वर ढकलली जाते आणि तुम्हाला तीच जागा दोनदा दिसते.

याचं कारण सर्व्हरला विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक तक्ते ‘पहिल्या ८० ओळी सोड, पुढच्या २० दे’ असं विचारतात. डेटाबेसच्या भाषेत लिमिट २०, ऑफसेट ८०. त्या ८० ओळी कोणत्या, हे कोणी विचारत नाही. एसटीच्या रांगेत ‘माझा नंबर नववा’ एवढंच लक्षात ठेवून चहाला गेलात तर परत आल्यावर भांडण ठरलेलंच. ‘मी या निळ्या शर्टवाल्याच्या मागे होतो’ हे लक्षात ठेवलं तर जागा सापडते.

निळ्या शर्टची ही पद्धत वेबवर कर्सर म्हणून ओळखली जाते: ‘क्रमांक ८० नंतरच्या २० दे’. मधे ओळी वाढल्या किंवा गळाल्या तरी बिघडत नाही. सोशल मीडियाच्या अखंड फीडमध्ये हीच कल्पना वापरतात, कारण तिथे वरून सतत नव्या पोस्ट पडत असतात.

पण निळा शर्टवालाच रांगेत पुढे-मागे पळत असेल तर? आघाडीने लावलेल्या तक्त्यात तेच होतं. तिथे कर्सरही पुरत नाही. तिथे एका क्षणाचा फोटो काढावा लागतो: ११ वाजून ३५ मिनिटांची स्थिती गोठवायची, सगळी पानं त्याच फोटोतून दाखवायची आणि वर ‘नवीन आकडे आले आहेत’ असं बटण द्यायचं. सर्व्हरवर थोडा भार पडतो, पण निकालाच्या दिवशी मला हाच मार्ग योग्य वाटतो. आणि सकाळी ८ वाजता, सगळीकडे आघाडी शून्य असताना? २८८ ओळी बरोबरीत, त्यामुळे डेटाबेस दर वेळी वेगळा क्रम देऊ शकतो. उपाय सोपा आहे, आघाडी सारखी असेल तर मतदारसंघ क्रमांक बघायचा. पण तो मुद्दाम लिहावा लागतो.

काही जण म्हणतील, दोनदा आलेली ओळ ॲपने गाळून टाकावी. गाळा की! पण दोनदा आलेली निदान दिसते, निसटलेली दिसत नाही. दुबार गाळल्यावर तक्ता स्वच्छ दिसतो आणि देगलूर नाहीच.

गंमत म्हणजे आपल्या कागदी याद्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवलाय. मतदार यादीत नाव वगळलं तरी ओळ पुसत नाहीत, त्यावर ‘वगळले’ असा शिक्का येतो. नवी नावं पुरवणी यादीत, शेवटी. त्यामुळे मधले अनुक्रमांक सरकत नाहीत. भाजपची पन्ना प्रमुखाची पद्धत, म्हणजे यादीच्या एका पानाला एक कार्यकर्ता, उभी राहू शकते ती पान जागचं हलत नाही म्हणूनच. पुढे यादी नव्याने छापताना अनुक्रमांक बदलतात, तेव्हा ओळख पटते ती मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावरून. सातबाऱ्यावरही जुनं नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात.

म्हणून दुबार नावांच्या वादात मी एक फरक करतो. २०२५ च्या पालिका निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे लावायचं ठरवलं. अनुक्रमांक असलेल्या पीडीएफमध्ये नाव दोनदा असेल तर ते यादीतच दोनदा आहे, चौकशी व्हायलाच हवी. पण एखाद्या चालू वेबतक्त्याच्या दोन पानांचे स्क्रीनशॉट जोडून कोणी ‘बघा, दोनदा’ म्हणालं, तर आधी दोन्हीवरची वेळ बघा. एक ११.०५ चा आणि दुसरा ११.१२ चा असेल, तर ते एका तक्त्याचे दोन भाग नव्हेतच.

बेरजेचंही तसंच. वेगवेगळ्या मिनिटांना उघडलेल्या पानांवरचे आकडे जोडून आलेली बेरीज दिवसातल्या कुठल्याच क्षणाची नसते. फरक लाखाचा असेल तर चालून जातं. १,४५७ चा असेल तर एका फेरीचा आकडा इकडेतिकडे झाला की ग्रुपवरचा विजेता बदलतो.

पुढच्या मोजणीला तक्ता उघडलात की आधी तो क्रमांकाने किंवा नावाने लावून घ्या. शोधायची चौकट असेल तर थेट ‘देगलूर’ टाका, पानं उलटूच नका. चुरस बघायची असेल तर आघाडीने लावा, पण पहिलं पान बघून थांबा आणि पुन्हा रिफ्रेश करा. पान ४ वरून ५ वर जाताना वरची ‘शेवटचा अपडेट’ ची वेळ बदलली, तर परत १ पासून सुरुवात.