पोरगं हट्टी नाही, त्याला स्पर्श सोसत नाही

शेतीच्या पानावर आज पोरांचा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. परंतु गावोगाव फिरताना आयाबाया एक गाऱ्हाणं वारंवार सांगतात. पोरगं मातीत अनवाणी पाय टेकवत नाही. केस, नखं कापू देत नाही. भात हाताला चिकटला की रडून घर डोक्यावर घेतं. त्यावर घरचे उपाय दोनच : फटका, नाही तर अंगारा. दोन्हींनी काही साधत नाही. आईला मात्र "तूच लाडावून ठेवलंस" हे ऐकावं लागतं.

यात आईचा दोष नाही आणि पोराचाही नाही. त्वचा, कान, डोळे यांच्याकडून आलेली खबर मेंदू लावून घेत असतो. काही मुलांना साधा स्पर्शही टोचल्यासारखा वाटतो. काहींचं उलटं असतं. खरचटलं तरी त्यांना पत्ता नसतो, अंग भिंतीला घासतात, दुसऱ्यावर जाऊन आदळतात. अमेरिकेतील व्यवसायोपचार तज्ज्ञ जीन आयर्स यांनी १९७२ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून त्यावर बरंच काम झालं आहे. स्वमग्न मुलांमध्ये ही अडचण पुष्कळदा दिसते, पण अशी अडचण असलेलं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. थोडीफार खोड सगळ्याच पोरांना असते. जेवण, अंघोळ, कपडे, अंगणवाडी यांत रोज अडथळा येऊ लागला, तर मात्र लक्ष घालावं.

अशा मुलांना हाताने चाचपण्याच्या खेळाचा उपयोग होतो, आणि त्याचं सगळं सामान तुमच्या ओसरीवर आहे. सुरुवात कोरड्यापासून करा. परातीत ज्वारी किंवा बाजरी घ्या, त्यात बांगडी नाही तर चमचा लपवा आणि शोधायला सांगा. पोरगं हात घालत नसेल तर वाटीने उपसू द्या. ते रुळलं की भुसा, कोरडी वाळू. मग घट्ट मळलेली कणीक. सरते शेवटी ओली माती. पोळ्याला, बेंदराला मातीचे बैल करतातच, त्यात त्याला बसवा. जवळ पाण्याची बादली ठेवा. हात कधीही धुता येतात हे कळलं की धीर वाढतो. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं पुरेत.

जे पोरगं सारखं आदळतं, घासतं, त्याला जोर लागेल असं काम द्या : कणीक मळणं, झेपेल एवढी कळशी आणणं, घमेल्यात थोडी माती घेऊन ओढणं. त्याने पुष्कळ मुलं शांत होतात.

एक पथ्य मात्र पाळा, जबरदस्ती नको. वाफसा आल्याशिवाय आपण तिफण धरत नाही. ओल्या रानात घाई केली तर जमीन तुडवून दगड होते. पोराचा हात धरून चिखलात बुचकळला, तर भीती तशीच घट्ट बसते. त्याने हात मागे घेतला की आपणही थांबावं, उद्या पुन्हा बघावं.

आता माझ्या खात्यातली सूचना. प्रक्रिया केलेलं गुलाबी-लाल बियाणं खेळायला कदापि देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. किडीसाठी गोळी ठेवलेल्या कोठीतलं धान्य, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, खताची पोती हेही नको. एरंडी, मोगली एरंड, गुंज या बिया विषारी आहेत. तीन वर्षांच्या आतल्या, किंवा वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला हरभरा, शेंगदाणा, ज्वारी देऊ नये. दाणा श्वासनलिकेत किंवा नाकात अडकतो. त्यांच्यासाठी कणीकच बरी. खेळताना मोठं माणूस जवळ हवंच.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनाही एक सांगणं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं न घेता शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर त्यांनी मुलं शिकवली. आपण मात्र अंगणवाडीचं आवार फरशी घालून गुळगुळीत करतो. त्यातला एक कोपरा मातीसाठी सोडा. वाळूचा छोटा हौद करा आणि रात्री त्यावर ताडपत्री टाका, म्हणजे कुत्री-मांजरं घाण करणार नाहीत. याला मोठा निधी लागत नाही.

खेळाने सगळं बरं होतं असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी असं मूल घरी लपवू नका, पुढे करा. पथक गरजेप्रमाणे जिल्ह्याच्या तपासणी केंद्राकडे पाठवतं. स्वमग्नता निघाली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती येते. रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यावर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के दिव्यांग निधीतून मदत मागता येते. ग्रामसभेत ती मागायला लाजू नका.

रोप पिवळं पडलं तर आपण त्याला काठीने मारत नाही, मुळाशी काय कमी पडलं ते पाहतो. पोरांच्या बाबतीतही तेवढाच विचार व्हावा.