बिल्ला नाही, तर मदतही नाही?

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांतल्या तबेल्यांत दावणीला बांधलेल्या म्हशी जागीच बुडाल्या. आज आपत्तीत दुभती म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये आणि शेळीमागे ४,००० रुपये सरकारी मदत मिळते. ऑक्टोबर २०२५मध्ये राज्याने पूरग्रस्तांसाठी तीनच जनावरांची मर्यादा काढली, हे चांगलेच झाले.

पण २०२४च्या आदेशानुसार जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर मदत नाही. नोंद हवीच, मात्र तिचा सगळा भार गरीब पशुपालकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पशुसंवर्धन विभागाने पावसाळ्यापूर्वी स्वतः तबेल्यांत, वस्त्यांत यावे.

तरुण मित्रांनो, जोगेश्वरी असो वा गोरेगाव, आपल्या मोहल्ल्यात बिल्ला नसलेल्या म्हशी-शेळ्यांची यादी करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊ या. पूर आल्यावर फार उशीर झालेला असेल.