पाळणा हलण्यापूर्वी मांजराची तयारी

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली, की वडीलधाऱ्यांच्या सूचनांना आरंभ होतो. त्यांतील एक हमखास असते : "आता त्या मांजराला कोठेतरी लांब सोडून या." मग एके रात्री मनीला पोत्यात घालून परक्या वस्तीत नेऊन सोडतात. घरच्या दूधभातावर वाढलेले ते जनावर तेथे उपाशी मरते. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला, तरी असे करण्याचे बहुधा कारणच नसते.

प्रथम भावी मातेच्या प्रकृतीचा विचार करू. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी पसरू शकतो. गरोदरपणी त्याची प्रथमच बाधा झाली, तर गर्भास अपाय होण्याचा संभव असतो. मात्र विष्ठेतील हे जंतू बाधक होण्यास १ ते ५ दिवस लागतात. म्हणून मांजराची वाळूची पेटी रोजच्या रोज, आणि तीही घरातील दुसऱ्या कोणी स्वच्छ करावी. मांजराला कच्चे मांस देऊ नये. हीच बाधा अर्धवट शिजलेल्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून व बागेतील मातीतूनही होते. तेव्हा मांजर घालविल्याने ती टळते असे नाही. पशुवैद्याकडून मनीला रेबीजची लस व जंतांचे औषध आधीच द्यावे.

मांजराला एकाएकी झालेला बदल रुचत नाही. म्हणून पाळणा महिनाभर आधी मांडावा. मनी त्यात जाऊन बसली तर मारू नये. उचलून खाली ठेवावे, व खिडकीजवळ उंचावर जुनी गोधडी घालून तिला स्वतःची जागा करून द्यावी. बाळंतपण माहेरी असेल तर अधिकच सोयीचे. बाळाचे वापरलेले एखादे दुपटे न धुता सासरी पाठवावे व कोपऱ्यात ठेवावे. तेलाचा, वेखंडाचा तो नवा वास मनी आपणहून हुंगेल. बळेच तिच्या नाकाशी नेऊ नये. घरी आल्यावर बाळाला क्षणभर दुसऱ्याकडे देऊन आईने प्रथम मनीला गोंजारावे.

मांजर बाळाचा श्वास शोषून घेते, हा समज खोटा आहे. परंतु त्याला ऊब प्रिय असते, आणि तान्ह्या मुलास तोंडावर आलेले ओझे दूर करता येत नाही. म्हणून दोघांना एकटे कधीही ठेवू नये. मच्छरदाणीवर विसंबू नका; मांजराच्या भाराने ती खाली येते. बाळ निजले असता खोलीचे दार लावावे, किंवा जवळ कोणीतरी बसावे.

यदाकदाचित ओरखडा निघाला वा दात लागला, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तीवर हळद, चुना वा तिखट लावू नये. मांजराला लस दिलेली असली, तरी तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

पुढे बाळ रांगू लागेल, मनीची शेपटी धरू पाहील. तेव्हा त्याचा हात हळूच सोडवून अलगद कुरवाळावयास शिकवा. मुक्या जिवाशी कसे वागावे, हा धडा त्याला घरातच मिळेल.