क्वार्टर एंडचं टेन्शन

8 ऑगस्ट 2024. गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच. कॉन्फरन्स रूममध्ये स्क्रीनवर कुठल्याशा प्रोजेक्टचे बारा रंगांचे ग्राफ, आणि टेबलाखाली माझ्या मांडीवर मोबाइल. आवाज अर्थातच बंद. पॅरिस ऑलिंपिक, भारत विरुद्ध स्पेन, ब्राँझची मॅच. स्पेनने पहिला गोल केला तेव्हा मी पाणी प्यायलो. हरमनप्रीतने बरोबरी केली तेव्हा पुन्हा पाणी प्यायलो. त्याने दुसरा गोल केला तेव्हा मात्र ग्लास रिकामा होता, म्हणून खुर्चीतून अर्धवट उठलो.

बॉस म्हणाले, ''काही पॉइंट आहे का?''

म्हटलं, ''आहे ना सर. टू-वन.''

मीटिंग तिथेच संपली. शेवटच्या मिनिटातला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने अडवला तेव्हा सगळी गँग माझ्या मोबाइलभोवती उभी होती. टाळ्या, फोटो, कुणीतरी समोसे मागवले. आणि त्या सगळ्या गडबडीत आमच्या टीममधली नवीन मुलगी अगदी साधेपणाने म्हणाली, ''पण तिसरेच आलो ना आपण? मग एवढं काय?''

समोसा घशात अडकणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं!

मंडळी, हॉकीचा फॅन ही एक वेगळीच जमात आहे. क्रिकेटवाल्यांना रोज काहीतरी मिळतं. आज वन-डे, उद्या टी-ट्वेंटी, परवा आयपीएलचा लिलाव. आमचं तसं नाही. आमची दिवाळी चार वर्षांनी येते, आणि तीही कामाच्या वेळेत! टोकियोची सेमीफायनल सकाळी सात वाजता होती. पॅरिसची सेमीफायनल रात्री साडेदहाला. बाकीच्या वेळी आम्ही काय करतो? हिशोब. 'आपण आज जिंकलो, ते उद्या हरले, आणि गोलफरक तीनचा राहिला, तर...' हे असं. जर-तरच्या या गणितात आमच्या इतकी प्रॅक्टिस कुणाचीच नसेल.

या गणिताचा माझा पहिला पेपर सिडनीचा, सन 2000. गटातली शेवटची मॅच, समोर पोलंड. जिंकलो की सेमीफायनल, इतकं सोपं समीकरण. आपण 1-0 ने पुढे. मॅच संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती आणि पोलंडने बरोबरी केली. खेळ खल्लास. आपल्या गटातून कोरिया पुढे गेला आणि चक्क सिल्व्हर घेऊन घरी गेला. आपण सातवे. खडकीच्या धनराज पिल्लेची ती तिसरी ऑलिंपिक होती. नंतर 2004 ला अथेन्समध्येही तो खेळला, तिथेही आपण सातवेच. चार ऑलिंपिक खेळलेल्या त्या माणसाच्या गळ्यात एकही ऑलिंपिक मेडल नाही, हे आजही पटत नाही.

दुसरा पेपर 2008 चा. तिथे तर गणितच नव्हतं. चिलीतल्या सॅंटियागोला पात्रता फेरीची फायनल, ब्रिटनने आपल्याला 2-0 ने हरवलं आणि 1928 नंतर पहिल्यांदा भारताची हॉकी टीम ऑलिंपिकला गेलीच नाही. आदल्याच वर्षी 'चक दे' बघून थिएटरमध्ये शिट्ट्या मारलेलं पब्लिक आपण. पडद्यावर वर्ल्ड कप जिंकलो आणि प्रत्यक्षात तिकीटही मिळालं नाही!

त्यामुळे त्या नवीन मुलीला मी आधी हेच सांगितलं. बाई गं, ज्यांनी सॅंटियागो पाहिलंय, लंडन 2012 चा बारावा म्हणजे शेवटचा नंबर पाहिलाय, त्यांच्यासाठी टोकियो आणि पॅरिसचं लागोपाठ ब्राँझ म्हणजे काय असतं! 1968 आणि 1972 नंतर सलग दोन ऑलिंपिकमध्ये मेडल पहिल्यांदा मिळालंय. पॅरिसला आपण गटात ऑस्ट्रेलियाला 3-2 ने हरवलं. ऑलिंपिकमध्ये त्यांना हरवायला आपल्याला 1972 नंतर 52 वर्षं लागली.

ती म्हणाली, ''बरं. मग गोल्ड कधी?''

ही पोरं अप्रेजल फॉर्म भरतात तशीच प्रश्नही विचारतात. थेट.

त्या रात्री मी घरी जाऊन खरंच एक्सेल शीट उघडली. हसू नका. ऑफिससाठी इतकं मन लावून कधी काम केलं नव्हतं.

शीटमधून पहिली गोष्ट कळली ती ही : आपण मोठ्या मॅचेस हरतो असं आपल्याला वाटतं. पण त्यातल्या बऱ्याच आधीच्या एखाद्या छोट्या मॅचमध्ये अर्ध्या हरलेल्या असतात. उधारी आधीची, वसुली नंतरची.

2023 चा वर्ल्ड कप घ्या. आपल्याच अंगणात, भुवनेश्वर आणि रुरकेलाला. गटातला पहिला थेट क्वार्टर फायनलला, दुसऱ्या-तिसऱ्याला मध्ये एक जादा मॅच, क्रॉसओव्हर. इंग्लंडशी आपली 0-0 बरोबरी झाली. मग सगळं गोलफरकावर आलं. शेवटची मॅच वेल्सशी, आणि गटात पहिलं यायचं तर हवा होता आठ गोलांनी विजय! वेल्सचा तो पहिलाच वर्ल्ड कप. आपण 2-0 ने पुढे गेलो आणि मग दोन मिनिटांत दोन गोल खाऊन 2-2. शेवटी कसेबसे 4-2 ने जिंकलो. पेपरात आलं, 'भारत विजयी'. पण इंग्लंडचे पॉइंट्स आपल्याइतकेच सात, गोलफरक मात्र त्यांचा नऊ आणि आपला चार. ते गेले थेट क्वार्टर फायनलला. आपल्या वाट्याला न्यूझीलंडशी क्रॉसओव्हर. तिथे 2-0 ची आघाडी, मग 3-1 ची आघाडी, मग 3-3, शूटआउट आणि राम नाम सत्य. नववा नंबर. लोकांनी शूटआउटला शिव्या घातल्या. मी वेल्सला घातल्या, म्हणजे वेल्सशी खेळणाऱ्या आपल्याला.

पॅरिसची उधारी वेगळी होती. क्वार्टर फायनलमध्ये ब्रिटनविरुद्ध 17 व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड. चाळीसहून जास्त मिनिटं दहा जण खेळले, 1-1 टिकवली आणि शूटआउट 4-2 ने जिंकली. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली ती सगळ्यात भारी हॉकी मॅच. रविवार दुपार होती, जेवण गार झालं, कुणाला पर्वा? पण कार्डाचं बिल दोन दिवसांनी आलं. सेमीफायनलला रोहिदासवर बंदी. समोरच्यांचा पेनल्टी कॉर्नर लागला की गोलमधून सगळ्यात आधी बॉलवर धावून जाणारा माणूस म्हणजे रोहिदास. तो नसताना जर्मनीच्या पेलाटने पेनल्टी कॉर्नरवरच गोल मारला. हा तोच पेलाट, जो 2016 ला अर्जेंटिनाकडून ऑलिंपिक गोल्ड जिंकला होता. अशी माणसं संधी सोडत नसतात.

आता दुसरी गोष्ट. ही शीटमध्ये दिसली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

हॉकी आता चार क्वार्टर्सची असते, पंधरा-पंधरा मिनिटांची. टोकियोची सेमीफायनल आठवा. बेल्जियमकडून आपण 5-2 ने हरलो, म्हणजे धुलाई झाली असं वाटतं ना? तीन क्वार्टर्स संपले तेव्हा स्कोअर होता 2-2. पॅरिसची सेमीफायनल, जर्मनीकडून 3-2 ने हार. तीन क्वार्टर्स संपले तेव्हा स्कोअर? तोच, 2-2. जर्मनीचा विजयी गोल 54 व्या मिनिटाला आला.

म्हणजे बॉस, दोन ऑलिंपिक सेमीफायनल्स, दोन्ही 45 मिनिटांपर्यंत बरोबरीत, आणि शेवटच्या क्वार्टरचा एकूण हिशोब 4-0, आपल्या विरुद्ध. गोल्डपासून आपण किती लांब आहोत याचं उत्तर चक्क मोजता येतं. पंधरा मिनिटं. क्वार्टर एंडला आपली सेल्स टीमसुद्धा अशी कोसळत नाही!

हे पंधरा मिनिटांचं अंतर कापायचं कसं? इथे फॅनगिरी बाजूला ठेवून जरा कडू बोलतो.

पॅरिसला आपण आठ मॅचेसमध्ये 15 गोल केले. त्यातले 10 एकट्या हरमनप्रीतचे. स्पर्धेतला तो टॉप स्कोअरर, त्याला सलाम. पण कुठल्याही कंपनीचा दोन तृतीयांश बिझनेस एकाच माणसाच्या ड्रॅग-फ्लिकवर असेल, तर तुम्ही त्या कंपनीचे शेअर घ्याल का? लॉस एंजेलिसला 2028 मध्ये तो 32 वर्षांचा असेल. ऑलिंपिकला टीमही 16 जणांचीच असते. शेवटच्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात तेव्हा बेंचवरून ताज्या दमाचा, चालत्या खेळात गोल मारणारा फॉरवर्ड लागतो. पेनल्टी कॉर्नर काही मागून मिळत नाही.

मग गोलकीपर. श्रीजेश पॅरिसनंतर निवृत्त झाला. एका माणसाने इतकी वर्षं इतक्या चुका झाकल्या की, त्या चुका आहेत हेच आपण विसरलो होतो. त्याच्यानंतर कृष्ण पाठक आणि आपल्या मुंबईचा सूरज करकेरा. सप्टेंबर 2025 ला राजगीरला एशिया कप जिंकला त्या टीममध्ये हेच दोघं होते. फायनलमध्ये कोरियाला 4-1 ने हरवून आपण 2026 च्या वर्ल्ड कपचं तिकीट थेट काढलं. छान वाटलं. पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये युरोपात प्रो लीगमध्ये आपण लागोपाठ सात मॅचेस हरलो होतो आणि नऊ टीम्समध्ये आठवे आलो होतो, हेही शीटमध्ये आहे. आशियात राजा, युरोपात मजा.

आणि जर्मनी! ज्युनिअर वर्ल्ड कपच्या सेमीफायनल्स बघा. 2021 भुवनेश्वर, जर्मनीकडून हार. 2023 क्वालालंपूर, जर्मनीकडून हार. 2025 चेन्नई, कोच म्हणून श्रीजेश, आणि पुन्हा जर्मनीकडूनच 5-1 ने हार. मग अर्जेंटिनाला हरवून ब्राँझ. म्हणजे आपली पोरं सिनिअर टीममध्ये येण्याआधीच सेमीफायनलला हरून ब्राँझवर समाधान मानायला शिकतायत की काय, अशी मला भीती वाटते.

हे सगळं मी रविवारी बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी 1975 ची वर्ल्ड कप फायनल रेडिओवर ऐकलीय. क्वालालंपूर, समोर पाकिस्तान, अशोककुमारचा गोल, 2-1. तोच आपला आजवरचा एकमेव वर्ल्ड कप. 1980 चं मॉस्कोचं गोल्डही त्यांना लख्ख आठवतं. आता पंच्याहत्तरीला आलेत. पॅरिसच्या सेमीफायनलला साडेदहा वाजता माझ्याबरोबर बसले होते, हार झाल्यावर काही न बोलता गोळ्या घेऊन झोपायला गेले. ब्राँझच्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी एक खाल्ला आणि म्हणाले, ''चांगलं झालं रे. पण राष्ट्रगीत कुणाचं वाजलं?''

ही मॉस्कोच्या वेळची माणसं आपल्याला सुखाने ब्राँझही खाऊ देत नाहीत. पण खरं सांगू? त्यांचा प्रश्न आणि त्या नवीन मुलीचा प्रश्न एकच आहे. मधली आमची पिढी तेवढी सॅंटियागोला घाबरलेली. आम्हाला बारावे आलो नाही याचाच आनंद होतो. आमचं टार्गेटच खाली आलंय.

तर माझा अंदाज. 2028 ला पोचलो तर क्वार्टर फायनल नक्की. बारा टीम्सपैकी आठ पुढे जातात, तिथे अडखळलो तर बोलायलाच नको. मेडल? फिफ्टी-फिफ्टी. गोल्ड? बाबांना मी सांगितलं, पाचात एक. ते म्हणाले, ''1975 ला तेवढेही नव्हते.'' बहुधा थाप असावी. पण मला ती आवडली.

आणि एक ठरवलंय. आपण सगळे नॉक-आउटचे फॅन. सेमीफायनल आली की तिरंगा गालावर, गटातल्या मॅचेसना 'स्कोअर सांग रे नंतर'. यापुढे उलटं करायचं. सगळ्यात सोपी मॅच सगळ्यात सिरिअसली बघायची. वेल्सविरुद्ध 2-0 वर असताना तिसरा गोल का होत नाही, यावर ओरडायचं. कारण आपलं नशीब तिथे ठरतं, टाळ्या वाजवायला कुणीच नसतं तेव्हा.

नवीन मुलीला हा फंडा सांगितला. तिने विचार केला आणि म्हणाली, ''म्हणजे वर्षभर काम करायचं आणि मग अप्रेजलला टेन्शन घ्यायचं नाही, तसंच ना?''

तसंच. फक्त हे वाक्य बॉसच्या कानावर जाऊ देऊ नका!