गायरान देण्याआधी

शिरूर-दौंडमधील सौर कृषी वाहिनी योजनेचे नियोजन गावच्या गरिबीचा हिशेब मांडूनच व्हावे, असे आमचे मत आहे. शेतीपंपांना दिवसा वीज हवीच. बिबट्याच्या दहशतीत रात्री दारे धरायला कोणालाही जावे लागू नये. पण ज्याचा पंप, त्याचीच ही वीज.

सौर प्रकल्पासाठी जमीन देणाऱ्या खासगी मालकाला हेक्टरी 1 लाख 25 हजार रुपये वार्षिक भाडे मिळते. गायरानावर प्रकल्प उभा राहिला, तर शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या भूमिहीनाचा चराऊ माळ जातो. त्याला भाडे कोण देणार?

योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल 5 लाख रुपये आहेत. ते पेव्हर ब्लॉकखाली गाडले जाऊ नयेत. भूमिहीनांच्या वीजजोडण्या आणि चाऱ्यासाठी ते राखून ठेवणारा ग्रामसभेचा ठराव होईपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांनी गायरानाचा ताबा देऊ नये.