ओळख करून देणारा

आमच्या शाळेंतील संगणकमंडळाच्या मुलांनीं यंदा एक लहानसा सिग्नलिंग सर्व्हर चालविला. अंधेरीची विद्यार्थिनी मुलुंडच्या मैत्रिणीस घरबसल्या गणित समजावून सांगते, हें पाहून पालकांस संतोष वाटला. परंतु कांहीं पालकांची अशी सूचना आहे कीं, कोण कोणाशीं व केव्हां जोडलें गेलें याची कायम नोंद सर्व्हरवर ठेवावी. आमचें मत याच्या विरुद्ध आहे.

या सर्व्हरचें काम तें काय? दोन ब्राउझर एकमेकांशीं थेट बोलण्यास सिद्ध असतात, पण एकाचा पत्ता दुसऱ्यास ठाऊक नसतो. एकाचा प्रस्ताव दुसऱ्याकडे व दुसऱ्याचें उत्तर पहिल्याकडे पोंचविलें कीं याचें काम संपलें. अंद्रियानें शिमोनास प्रभूकडे आणिलें. पुढील संभाषण त्या दोघांचें. आवाज व चित्र मग परस्पर जातात. (घरचे राउटर आडवे आले तर टर्न नांवाचा निराळा सर्व्हर तो भार वाहतो, पण बोलणें कुलूपबंद असल्यानें त्यास तें कळत नाहीं.) वेबआरटीसीचीं मानकें २०२१ सालीं पक्कीं झालीं, त्यांत हा मध्यस्थ कसा असावा हें मुद्दामच मोकळें ठेविलें आहे.

म्हणजे सारी भिस्त चालविणाऱ्यावर. त्या कुलुपाच्या किल्लीचा ठसा याच मध्यस्थाच्या हातून जातो. तो लबाड निघाल्यास ठसे बदलून स्वतःच मध्यें बसूं शकेल. मुंबईंत १८८२ सालीं टेलिफोन एक्स्चेंज निघालें, तेव्हांही तार जोडणाऱ्यावर असाच विश्वास टाकावा लागे. अमेरिकेंत प्रेतसंस्काराचा धंदा करणाऱ्या स्ट्रोजर नामक गृहस्थानें १८९१ सालीं आपोआप तार जोडणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें, तें जोडणारी बाई आपलीं गिऱ्हाइकें दुसरीकडे वळविते या संशयापायीं, असें सांगतात.

पालकांची भीति पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परका मनुष्य आंत शिरूं नये म्हणून प्रत्येक भेटीस शिक्षकानें सांकेतिक शब्द द्यावा व तासाभरानें तो निरुपयोगी व्हावा. पण मुलांच्या मैत्रीची वही ठेवणें निराळें. आज ती रक्षणासाठीं. उद्यां कोणी भलत्याच कामासाठीं मागेल, आणि तेव्हां नाहीं म्हणावयास आम्ही येथें असूंच असें नाहीं.

मुलांनीं तूर्त जोडणी होतांच दोघांचे पत्ते पुसण्याची तजवीज केली आहे. रोज किती जोडण्या झाल्या व किती फसल्या, एवढाच आंकडा राहतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत तो बराच चढला होता.