मावळातल्या आयाबाया आणि मातृदिन

आज मे महिन्यातला दुसरा रविवार, मातृदिन. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यात गाड्यांच्या रांगा लागतातच. आज त्यांतून अनेकांच्या आया आल्या असतील आणि त्यांच्या हाती गुलाब दिले जातील. ते गुलाब इथलेच असण्याचा संभव बराच आहे. तळेगावची आणि पवन मावळातली पॉलिहाऊस गुलाबासाठी देशभर ओळखली जातात. सकाळच्या गारव्यात फुले तोडायची, लांबीप्रमाणे दांडे निवडायचे, गड्ड्या बांधायच्या, या कामात कितीतरी बायांचे हात राबतात. फुलांची मागणी वाढली की त्यांचे काम वाढते, आणि मातृदिनही त्या मागणीच्या दिवसांतच मोडतो.

सणावर विरजण घालायचे म्हणून हे लिहीत नाही. हा दिवस जिच्या आठवणीत सुरू झाला ती ॲन जार्विस कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत वावरणारीच होती. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात तिने आयांना एकत्र करून स्वच्छतेची आणि रोगनिवारणाची कामे उभी केली. तिच्या लेकीने, ॲनाने, 1908 साली ग्राफ्टन गावात आईच्या स्मरणार्थ प्रार्थना घडवून आणली आणि 1914 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी दिवस जाहीर केला. पुढे फुलवाले आणि कार्डवाले त्यावर गबर होऊ लागले, तेव्हा हीच ॲना त्यांच्याशी भांडत राहिली. आपल्याकडे पिठोरी अमावस्येला मातृदिन असतोच. त्याला केक लागत नाही, म्हणून तो बाजाराच्या नजरेतून सुटला असावा.

आईच्या नावाची खूण मावळात जुनीच आहे. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांतले एक दान महादेवणक नावाच्या गृहस्थाच्या आईचे, भायिलेचे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या बाईजवळ देण्यासारखे काही होते आणि ते स्वतःच्या नावाने देता येत होते. लेण्याला लागूनच एकवीरा आईचे देऊळ आहे. याच डोंगरांच्या पायथ्याशी, घाटरस्त्याच्या कडेला, उन्हाळ्यात ठाकर आणि कातकरी बाया करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन बसतात. उजाडायच्या आत रानात शिरून काटेरी जाळ्यांतून करवंदे काढायची, दिवसभर उन्हात बसून पानांच्या द्रोणातून विकायची, आणि तान्हे मूल असेल तर तेही सोबत. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस तासाभराने वर जाऊन आईची ओटी भरतो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

महिन्याभरात पाऊस लागेल आणि मग आवणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेल्या इंद्रायणी वाणाचे कौतुक आपण जेवताना करतो. तो भात खाचरात कंबर मोडून लावतात त्या बायाच, डोक्यावर पूर्वी इरले असे, आता प्लॅस्टिकचा कागद असतो. सातबाऱ्यावर बायकोचे नाव यावे म्हणून राज्यात 1992 पासून लक्ष्मीमुक्तीची तरतूद आहे. मावळातल्या किती घरांनी ती वापरली, हे गावागावाने आपले दप्तर उघडून पाहावे. आणि जमीन-पाण्यासाठी रस्त्यावर यायची वेळ आली तेव्हा बाया मागे राहिल्या नव्हत्या. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना धरणाच्या बंद जलवाहिनी योजनेविरुद्ध द्रुतगती मार्गावर बौर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. कांताबाई ठाकर त्यांतल्या एक.

सर्वांत मागे राहिली आहे ती कातकरी आई. खैरापासून कात काढणारी ही जमात. जंगल हातचे गेले आणि पोट वीटभट्टीवर आले. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंब भट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते. आज मातृदिनी ती तिथेच माती कालवत असेल. दिवस गेलेले असोत की अंगावर पिते पोर असो, तिची नोंद गावच्या अंगणवाडीत आणि ती स्वतः दुसऱ्याच तालुक्यात. राज्यातल्या अतिमागास गणलेल्या तीन आदिम जमातींत कातकरी आहेत, कोलाम आणि माडिया गोंडांसोबत. पण पुणे जिल्ह्यातले अनुसूचित क्षेत्र आंबेगाव-जुन्नरकडच्या गावांपुरते आहे. मावळ त्यात नाही, म्हणून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही इथे लागू नाही. दारिद्र्य तेच आणि जमातही तीच, तरी तालुक्याची सीमा ओलांडली की हक्क बदलतात. 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेली, आदिम जमातींसाठीची पीएम-जनमन योजना क्षेत्र न पाहता जमात पाहते, ही तिची जमेची बाजू. मात्र तिच्यातल्या घरकुलासाठी जातीचा दाखला लागतो, आधार लागते, बँक खाते लागते. भट्टीवरून दाखल्यासाठी खेटे घालायचे तर रोज बुडतो, आणि उचल फिटेपर्यंत मालक सोडत नाही.

1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचे नाव येते. निर्णय चांगला आहे, पण तो लागू व्हायला आधी कागद व्हावा लागतो. पहिल्या पावसाला भट्ट्या विझतात आणि आवणीला लागण्याआधी ही कुटुंबे थोडे दिवस वाडीवर असतात. वडगावच्या तहसील कार्यालयाने दाखल्यांची शिबिरे तेव्हाच घ्यावीत, वाडीतच आणि दिवेलागणीला, बाया रानातून परतल्यावर. ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडी सेविका आणि बँकेचा माणूस एकाच वेळी हजर असावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. वाड्यांची यादी आणि तारखा मेअखेरपर्यंत जाहीर करता येतील.